वेगळं काढलेलं ताट

लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर आपल्याकडे नाव घालतात. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि खाली तारीख. मी ज्या स्वयंपाकघरात बसले होते तिथल्या मांडणीवर अशी ताटं ओळीने उभी होती. त्याच संचातलं एक ताट मात्र मांडणीवर नव्हतं. ते मोरीच्या कडेला, एका वाटीसोबत आणि तांब्यासोबत, पालथं पडलं होतं. सगळ्या ताटांवर जिचं नाव होतं, त्या सुनेसाठीच ते एक वेगळं काढलेलं होतं.

मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात काम करते. त्या घरी मी तिच्याच बोलावण्यावरून गेले होते. रुग्णाने सांगितल्याशिवाय आम्ही कुणाच्या दारात पाऊल टाकत नाही, आणि इथेही तिची ओळख पटेल असं काही मी लिहिलेलं नाही. तिच्या सासूबाई वाईट नव्हत्या. मला चहा देत त्या म्हणाल्या, "मॅडम, मी तिला काही कमी करत नाही. दूध देते, अंडं देते, गोळीची आठवण करते. पण घरात नातवंडं आहेत. ताट तेवढं वेगळं ठेवलं तर काय चुकलं?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. नुसतं "असं नाही लागत हो" म्हणून भागत नाही. का नाही लागत, हे कळलं नाही तर भीती तात्पुरती दबते आणि रात्री पुन्हा डोकं वर काढते. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगते.

विषाणूला हवं असतं काय

कुठलाही विषाणू आपल्या बळावर वाढत नाही. त्याला जिवंत पेशीत शिरावं लागतं. एचआयव्हीचं तर त्याहून अडतं, कारण त्याला कुठलीही पेशी चालत नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काहींच्या अंगावर सीडी४ नावाची खुंटी असते. एचआयव्ही त्या खुंटीला चिकटतो आणि तिथूनच आत शिरतो. अशा पेशी रक्तात असतात, आणि योनी, गुदद्वार यांच्या आतल्या नाजूक ओल्या अस्तराखाली असतात. हाताच्या तळव्यावर त्या नसतात. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. धड कातडीवर एचआयव्ही पडला, तर त्याला धरायला तिथे काही सापडतच नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या आवरणाची. एचआयव्हीभोवती चरबीचं पातळ वेष्टन असतं. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ऐकलं की साबणाने विषाणूचं वेष्टन विरघळतं आणि तो निकामी होतो. एचआयव्हीचंही तसंच आहे. तो वाळला तरी निकामी होत जातो. प्रयोगशाळेत, माणसाच्या रक्तात कधी नसतो इतका दाट विषाणू घेऊन तो वाळवला, तेव्हाही काही तासांत त्यातला ९० ते ९९ टक्के भाग निष्प्रभ झाला होता. मग जेवून उठल्यावर ताटात उरलेल्या आमटीच्या थेंबात काय राहणार?

तिसरी गोष्ट, तो शरीरातल्या कुठल्या द्रवात असतो. लागण होईल इतका विषाणू रक्तात असतो, वीर्यात आणि त्याआधी येणाऱ्या पातळ स्रावात असतो, योनीतल्या आणि गुदमार्गातल्या स्रावात असतो, आणि आईच्या दुधात असतो. यादी इथे संपते. घाम, अश्रू, थुंकी, शेंबूड, लघवी यांतून लागण होत नाही.

म्हणजे लागण व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. या द्रवांपैकी एखादा हवा, त्यात पुरेसा विषाणू हवा, आणि तो थेट रक्तात किंवा ओल्या अस्तरापर्यंत पोचायला वाट हवी. एका ताटात जेवताना यातलं एकही जुळत नाही. हात मिळवताना, मिठी मारताना, एकाच गादीवर झोपताना, एकच टॉवेल वापरताना, तालमीत एकमेकांच्या घामात लोळताना, एसटीच्या गर्दीत अंगाला अंग घासताना जुळत नाही. संडासाच्या भांड्यावर किंवा पोहण्याच्या तलावात जुळत नाही. कपडे एकत्र धुतल्यानेही जुळत नाही.

सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग टीबीच्या वेळी का वेगळं ठेवायला सांगतात?" हा प्रश्न मला आवडला, कारण खरी गल्लत इथेच होते. टीबीचा जंतू खोकल्यातून हवेत येतो, तिथे तरंगतो आणि दुसऱ्याच्या श्वासातून त्याच्या फुप्फुसात जातो. त्याची वाट हवेतून आहे, एचआयव्हीची नाही. मात्र एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो आणि फुप्फुसाचा टीबी घरात इतरांना होऊ शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला खोकला, ताप, घटलेलं वजन यांबद्दल दर खेपेला विचारतो. त्यातही ताटाचा संबंध नाही. टीबीला खिडकी उघडी लागते, तोंडावर रुमाल लागतो आणि औषध लागतं.

घराघरांत पाहिलेला पुरावा

हे सगळं तर्काने पटलं तरी मन म्हणतं, "पण एखाद्या वेळी?" त्या 'एखाद्या वेळी'चं उत्तर घराघरांत जाऊन शोधलेलं आहे, आणि तेही फार पूर्वी. एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत १९८१ साली नोंदले गेले, १९८३ मध्ये विषाणू सापडला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरात राहणारी १०१ माणसं त्यांनी तपासली. यात रुग्णांचे लैंगिक जोडीदार धरले नव्हते. मुलं, आईवडील, भावंडं अशी घरची माणसं होती. बरीचशी गरीब कुटुंबं, दाटीवाटीचं राहणं. ताटं, पेले, संडास, अंथरुणं सामायिक. काहींचे तर दात घासायचे ब्रश आणि दाढीचे वस्तरेसुद्धा एकच. औषध तेव्हा नव्हतं, म्हणजे त्या रुग्णांच्या रक्तात विषाणू भरपूर होता. १०१ पैकी एकालाच लागण सापडली. ते पाच वर्षांचं मूल होतं आणि त्याला ती बहुधा जन्माच्या वेळी आईकडूनच आली होती. उरलेल्या १०० जणांना काही झालं नव्हतं.

हा अभ्यास मला नेहमी सांगावासा वाटतो, कारण तो आपल्याच घरांसारख्या घरांचा आहे. तिथे कुणाला स्वतंत्र खोली नव्हती की स्वतंत्र बाथरूम नव्हतं. माणसं जशी राहतात तशी राहत होती.

डास, उष्टं, आणि चावून दिलेला घास

डासाची शंका जवळजवळ प्रत्येकजण काढतो, आणि ती वेडगळ मुळीच नाही. मलेरिया, डेंगी डासानेच येतात, मग एचआयव्ही का नाही? मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात मरत नाही. तो तिथे वाढतो, रूप बदलतो आणि डासाच्या लाळग्रंथीत जाऊन बसतो. डेंगीचा विषाणूही डासाच्या पेशींत वाढतो. एचआयव्हीला डासात सीडी४ पेशी मिळत नाहीत, म्हणून तो रक्तासोबत पचून जातो. शिवाय डास चावतो तेव्हा आधी प्यायलेलं रक्त आपल्यात ओकत नाही. त्याच्या सोंडेत दोन वेगळ्या नळ्या असतात. एकीतून लाळ आत सोडली जाते, दुसरीतून रक्त वर ओढलं जातं.

सोंडेची रचना पटत नसेल तर गावाकडे बघा. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मलेरिया येतो तेव्हा पाच वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणाला सोडत नाही, कारण डास वय बघत नाही. एचआयव्ही डासाने पसरत असता तर शाळकरी मुलं आणि आजीआजोबा यांच्यात त्याचं प्रमाण तरुणांइतकंच दिसलं असतं. तसं कुठेच दिसत नाही.

थुंकीचं म्हणाल, तर तिच्यात विषाणू इतका नगण्य असतो की त्याने लागण होत नाही. वर लाळेतलीच काही द्रव्यं त्याला निकामी करतात. म्हणून उष्टं पाणी, एका घोटाचा चहा, एका पानातला लाडू, गालावरचा पापा, यांतून काही होत नाही. ओठांच्या चुंबनातूनही नाही. दोघांच्याही हिरड्यांतून उघड रक्त वाहत असताना दीर्घ चुंबन घेतल्याने लागण झाल्याचं उदाहरण इतकं विरळ आहे की ते बोटावर मोजावं लागेल, आणि तिथेही वाट रक्ताची आहे, लाळेची नाही.

एक अपवाद मात्र लपवायचा नाही. आपल्याकडे आजी किंवा आई स्वतः चावून मऊ केलेला घास तान्ह्या बाळाच्या तोंडात घालते. अमेरिकेत तीन बाळांना अशा घासातून लागण झाल्याची नोंद आहे. घास भरवणाऱ्यांना एचआयव्ही होता आणि बहुधा तोंडातलं रक्त घासात मिसळलं होतं. म्हणून पॉझिटिव्ह माणसाने बाळाला चावून घास देऊ नये. चमच्याने मऊ भात खुशाल भरवावा. मी हे मुद्दाम सांगते. जिथे खरा धोका आहे तिथे आम्ही तो स्पष्ट सांगतो, एवढं लोकांना दिसलं, की जिथे धोका नाही म्हणतो तिथेही त्यांचा विश्वास बसतो.

सलूनची खुर्ची आणि थिएटरची खुर्ची

तरुण मुलं बहुतेक सलूनबद्दल विचारतात. "दाढी करताना कापलं, रक्त आलं, आता?" आज बहुतेक दुकानांत पातं मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा घेतात. तो तुमच्यासमोर कागदातून काढला की विषय मिटला. समजा जुनंच पातं वापरलं, तर? पात्याच्या कडेवर राहिलेला रक्ताचा अंश चिमूटभर असतो, तो वाळतो, पाण्याने पुसला जातो. कागदोपत्री शक्यता शून्य म्हणता येत नाही, पण एचआयव्हीची लागण इथून होत असल्याचं दिसत नाही. तरीही नवं पातं मागाच, आणि ते कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, टाळण्यासाठी मागा. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन इतकी असते. कावीळ ब ची तीच शक्यता, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. त्यावर लस आहे. ती घेतलेली नसेल तर घ्या. एचआयव्हीच्या भीतीने रात्र जागवणारा माणूस कावीळ ब च्या लशीचं नावही काढत नाही, हे मला वारंवार दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं.

थिएटरच्या खुर्चीत खुपसलेली सुई, अननसात टोचलेलं रक्त, शीतपेयात कामगाराने मिसळलेलं रक्त हे मेसेज मोबाइल आल्यापासून फिरतायत आणि दर दोन-तीन वर्षांनी नवी तारीख लावून परत येतात. शीतपेयात आणि फळात विषाणू टिकत नाही, आणि पोटात गेलं तरी तिथलं आम्ल त्याला संपवतं. हा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, एवढीच विनंती.

गोंदवून घेण्याबद्दल मात्र मी सावध करीन. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच रंगाच्या वाटीतून एकामागून एक माणसांना गोंदत असतील तर तिथून उठा. सुई नवी, रंग नवा, एवढी अट घातलीच पाहिजे.

भीती कपाची, दुर्लक्ष सुईकडे

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं. ताटावाटीची काळजी करताना आपण इंजेक्शनच्या सिरिंजकडे बघत नाही.

सुईच्या आणि सिरिंजच्या पोकळीत राहिलेलं रक्त उघड्या थेंबासारखं पटकन वाळत नाही. तिथे विषाणू दिवसेंदिवस, थंडीत तर काही आठवडेही, टिकू शकतो. आणि तीच सुई दुसऱ्याला टोचली की द्रव, मात्रा आणि वाट, तिन्ही एकदम जुळतात. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या रातोदेरो गावात २०१९ साली शेकडो लहान मुलं पॉझिटिव्ह निघाली. बहुतेकांचे आईवडील निगेटिव्ह होते. तपासात मुख्य कारण पुढे आलं ते वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्याचं. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला अनेकांना लागण झाल्याचं उघड झालं, तेव्हा बोट सायकलवरून गावोगाव फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका भोंदू डॉक्टरकडे गेलं.

आपल्याकडे "डॉक्टर, एक सुई मारा ना" म्हणायची सवय आहे. गोळीने बरं होणाऱ्या तापाला सुई लागत नाही. लागलीच, तर पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा. यात संकोच कसला? मला स्वतःला लहानपणी गावच्या एका दवाखान्यात स्टोव्हवर उकळत ठेवलेली काचेची सिरिंज आठवते. एकाच भांड्यातून ती सगळ्या रांगेसाठी निघायची. तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं.

रक्त देण्याने लागण होत नाही, कारण सुई आणि पिशवी दरवेळी नवी असते. रक्त घेण्याबाबत पूर्वी धोका मोठा होता. आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्यावर बंदी आली. परवानाधारक रक्तपेढीतून घ्या, एवढं पाळलं की पुरे.

आणि बाकी लागण? आपल्या देशात ती प्रामुख्याने निरोधाशिवाय झालेल्या संबंधांतून होते. जोडीदार पॉझिटिव्ह असेल आणि औषधावर नसेल, तर एका वेळच्या योनीसंबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत आठ इतकी धरतात. गुदसंबंधात ती बरीच जास्त, दहा हजारांत १३८. आकडे लहान वाटतील, पण ते सरासरी आहेत. अंगावर दुसरा गुप्तरोग असेल, किंवा समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल, तर धोका कितीतरी वाढतो. आईकडून बाळाला, काहीच उपचार नसतील तर, शंभरात १५ ते ४५ वेळा लागण होते. आईने गरोदरपणात गोळ्या घेतल्या आणि बाळालाही औषध मिळालं तर ही शक्यता शंभरात पाचाच्या खाली येते.

खरोखर धोक्याचा प्रसंग घडला असेल, म्हणजे दवाखान्यात वापरलेली सुई टोचली, निरोध फाटला, बळजबरी झाली, तर वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं आणि २८ दिवस घेतलं तर लागण टाळता येते. जितक्या लवकर तितकं चांगलं. सरकारी रुग्णालयात विचारा किंवा १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.

जी गोळी घेते तिच्याबद्दल

त्या घरातल्या सुनेचं औषध दीड वर्षापासून चालू होतं. रोज रात्री एक गोळी. सरकारी केंद्रांतून हे औषध १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतं, आणि २०१७ पासून तर पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला, रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा कितीही असो, लगेच सुरू करतात. हे औषध विषाणूची वाढ रोखतं. नेमाने घेतलं तर बहुतेकांच्या रक्तातला विषाणू सहा महिन्यांत इतका खाली जातो की तपासणीत दिसत नाही. तो शरीरातून गेलेला नसतो, काही पेशींत दबा धरून असतो, म्हणून गोळी आयुष्यभर. पण रक्तात तो दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.

ही समजूत घालण्यासाठी केलेली वाक्यं नाहीत. युरोपात अशा जोडप्यांचा अभ्यास झाला ज्यांत एक पॉझिटिव्ह आणि औषधावर, दुसरा निगेटिव्ह. २०१६ साली निकाल आला. निरोधाशिवायचे सुमारे ५८ हजार संबंध, आणि जोडीदाराकडून आलेली एकही लागण नाही. पुढे २०१९ मध्ये पुरुष-पुरुष जोडप्यांचे सुमारे ७६ हजार संबंध मोजले, तिथेही शून्य.

मी सासूबाईंना आकडे असे सांगितले नाहीत. मी म्हटलं, "मावशी, नवरा-बायकोच्या संबंधातूनसुद्धा जिच्याकडून आता लागण होत नाही, तिच्या वाटीतल्या वरणातून काय होणार?" त्या बराच वेळ गप्प बसल्या.

घरात खरी काळजी घ्यायची ती उघड्या रक्ताची, आणि ती कुणाचंही रक्त असलं तरी सारखीच. कापलं तर पट्टी बांधायची. रक्त सांडलं तर हातात मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालून ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायचं. ब्रश आणि दाढीचं पातं ज्याचं त्याचं. तुमच्या-माझ्या घरातही हे असंच असायला हवं.

भीतीचा जुना साचा

वेगळी कपबशी आपल्या समाजाला नवी नाही. गावच्या हॉटेलात जातीच्या नावाने वेगळे कप टांगून ठेवलेले आपल्या आजोबांनी पाहिलेत, काहींनी त्यांतून चहा प्यायलाय. उष्टं, विटाळ, शिवाशिव हे शब्द आपल्या जिभेवर तयारच होते. एचआयव्ही आला तेव्हा त्याची भीती या तयार साच्यात जाऊन बसली. म्हणून विज्ञानाने १९८६ साली दिलेलं उत्तर २०२० नंतरही काही स्वयंपाकघरांत पोचत नाही. मला वाटतं, समुपदेशन करताना आम्ही हा साचा ओळखला पाहिजे. समोरचा माणूस विषाणूबद्दल विचारतोय असं वाटतं, पण पुष्कळदा तो विटाळाबद्दल विचारत असतो.

आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले नमुने सापडले तेही १९८६ मध्येच, चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये. ते शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सोलोमन मूळच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. पुढे त्यांनी याच रुग्णांसाठी संस्था काढली आणि शेवटपर्यंत त्यांच्यातच काम केलं.

आणि गोव्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा नेमाने रक्तदान करत. १९८९च्या फेब्रुवारीत त्यांना पोलिसांनी बोलावून घेतलं. काय झालंय ते सांगितलं नाही. रक्तात एचआयव्ही सापडला होता, आणि गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला सक्तीने वेगळं ठेवायची तरतूद होती. त्यांना बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात एकटं ठेवलं. ६४ दिवस. घरात राहिल्याने कुणाला काही होत नाही हे तीन वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं, आणि तरी ६४ दिवस. त्यांची आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या, म्हणून ते बाहेर आले. १९९२ मध्ये ते वारले, पण त्याआधी त्यांनी पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी करायला घेतली होती.

कायदा हळूहळू बदलत गेला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कामगार कामाला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर यांत एचआयव्हीवरून भेदभाव करणं आता बेकायदा आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कुणाची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. वर्गातल्या मुलाला वेगळं बसवलं, घरमालकाने खोली सोडायला लावली, तर ही दाद मागण्याची गोष्ट आहे.

ज्यांची भीती जातच नाही

काही जण माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. एक तरुण एटीएमच्या बटणावर लाल डाग दिसला म्हणून आला. तपासणी निगेटिव्ह. महिन्याने परत आला, रिपोर्ट बदलला असेल तर? पुन्हा निगेटिव्ह. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "मॅडम, किट खराब असू शकतं ना?" त्याचे हात धुऊन धुऊन सालपटलेले होते.

तपासणीचा हिशोब सरळ आहे. खरा धोका घडल्यावर विषाणूच्या खुणा रक्तात दिसायला थोडा काळ लागतो. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या तपासणीने ४५ दिवसांनी निर्वाळा मिळतो, साध्या झटपट किटने तीन महिन्यांनी. त्यानंतरची निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. आणि बटणावरच्या डागासाठी तर पहिल्या तपासणीचीही गरज नव्हती.

अशा माणसाला चौथी तपासणी देऊन बरं वाटत नाही. दिलासा दोन दिवस टिकतो, मग शंका नवीन फट शोधते. त्याचा आजार एचआयव्हीचा नसतो, चिंतेचा असतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मी त्याला आमच्याच दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेले, दारापर्यंत सोबत. त्याला हसायचं नाही, रागवायचं नाही. त्याचा त्रास अगदी खरा असतो. पुष्कळदा त्याच्यामागे दुसरंच काही बोचत असतं, एखादा जुना संबंध, एखादं लपवलेलं गुपित, आणि बोलायला माणूस नसतो.

त्या घरी मी पुन्हा दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी दारातच विचारलं, "मॅडम, धाकटा तिच्या ताटातली पोळी ओढून खातो. खाऊ देऊ?" मी म्हटलं, खाऊ द्या. "आणि भांडी एकत्र घासू?" एकत्र घासा. "राख वापरू की साबण?" जे रोज वापरता ते.

तिसऱ्या खेपेला ताट आणि वाटी मांडणीवर होती, बाकीच्यांच्या ओळीत, नाव बाहेरच्या बाजूला करून. तांब्या अजून मोरीपाशीच होता. सुनेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने डोळ्यांनीच खुणावलं, आज राहू द्या. मग तिने सगळ्यांसाठी चहा ठेवला. सासूबाईंनी पहिला कप स्वतः उचलला आणि बशीत ओतून प्यायल्या.